हया आड येऊ नये

आपल्या मोहल्ल्यात आजारांवर बोलणे काही कमी होत नाही. कुणाची शुगर वाढली, कुणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, सगळ्यांना ठाऊक असते. पण अंगावरून पांढरे जाते, खाज येते, संबंधांच्या वेळी दुखते, हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. का, तर हया!

हे फक्त मुसलमानांचेच आहे असे नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. कुणी विचारलेच नव्हते, म्हणून आजार दिसला नव्हता.

मग औषधगोळ्या दिल्या की झाले का? ओडिशातील दोन रुग्णालयांत ४८६ स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाळीत धुऊन पुन्हा वापरायचे कापड घेणाऱ्यांत जंतुसंसर्ग अधिक आढळला. शिवाय ज्यांच्या घरात स्वच्छतेसाठी स्वतंत्र जागा होती, त्यांच्यात योनिमार्गाचा एक नेहमीचा संसर्ग कमी होता. एका अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. बाईच्या आजाराचा संबंध न्हाणीघराशी आणि पाण्याशीही आहे.

मशिदीच्या वजूखान्याला आपण वर्गणी काढून टाइल्स बसवतो. चांगलेच आहे. पण शंभर पावलांवर एका खोलीत सात माणसे राहतात, पाळीचे कापड पलंगाखाली अंधारात वाळते, याची नोंद कुठल्या कमिटीकडे आहे? तहारतला निम्मे ईमान मानणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

वाट नवी शोधायची गरज नाही. बांगलादेशातील राजशाही भागात मोस्मोइल गावी २००० च्या सुमारास कमल कर यांनी गावकऱ्यांना ना उपदेश केला, ना अनुदान दिले. गावकऱ्यांनीच जमिनीवर गावाचा नकाशा काढला आणि कोण कुठे शौचाला बसते ते दाखवले. घाण कुठून कुठे पोचते हे दिसल्यावर उघड्यावर बसणे थांबवायचे त्यांनीच ठरवले.

आपल्याकडे मोहल्ल्यातल्या दहा शिकलेल्या मुली हे काम करू शकतात. एक वही, नाव न लिहिता चार प्रश्न: घरात न्हाणीघर आहे का? पाणी किती वेळ येते? कापड कुठे वाळवता? त्रास असून दवाखान्यात गेला नाहीत, तर का? मग बायकांसाठी लेडी डॉक्टरचे शिबिर आणि त्याच आठवड्यात पुरुषांची सभा. काही संसर्ग नवरा-बायकोत एकमेकांना होतात. तिथे एकट्या बाईचा इलाज पुरत नाही. सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा भरावी. आकडे हलले नसतील तर उपाय बदलावा.

हजरत आयेशांनी मदिनेच्या अन्सारी स्त्रियांची तारीफ केली, ती दीन समजून घेताना हया त्यांच्या आड आली नाही म्हणून. पाळीनंतरच्या गुस्लबद्दल त्या काळी एका स्त्रीने थेट पैगंबरांनाच (स.) विचारले होते. तिची हया त्यामुळे कमी झाली नाही. आपल्या आयाबहिणींनी डॉक्टरला विचारले तर त्यांचीही होणार नाही.