दणका नको, शब्द द्या

परवा कळंबहून मावसभावाचा फोन आला. पोरीच्या अभ्यासासाठी संगणक घेतलाय, आता त्याला स्पीकर हवेत, बजेट दोन-अडीच हजार, टेबल लहान, 'कुठले घेऊ ते सांग आणि मोकळा हो'. मोकळं व्हायला मला अर्धा तास लागला. शेवटी तो म्हणाला, "एवढं तर मी लग्नाच्या वेळी पण विचारलं नव्हतं." तरीही जे बोललो ते इथे लिहून ठेवतोय. पुढचा भाऊ विचारेल तेव्हा घसा तरी वाचेल.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. कमी पैशात टेबलावरचे स्पीकर घ्यायचे असतील तर टेबलाखाली ठेवायच्या ठोकळ्यासकट येणारा २.१ संच घेऊ नका. दोन साधे, सारखे स्पीकर घ्या. त्याच पैशात दणका कमी मिळेल, पण शब्द कळतील. आणि आपल्या घरांत जे ऐकलं जातं ते बहुतेक शब्दच असतात.

हे मत मी कुठल्या मासिकातून घेतलेलं नाही. चूक करून, पैसे घालवून आणि अण्णांचा एक पाडवा बिघडवून मिळवलेलं आहे.

त्याचं असं झालं. माझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, चौसाळ्यात सप्ताहाला भजनात उभे राहायचे. शिक्षण चौथी, पण गळा मोकळा. १९९१ च्या सप्ताहात अण्णांनी टेपरेकॉर्डर नेऊन एक कॅसेट भरली होती. दादांचा आवाज असलेली तेवढी एकच वस्तू आमच्या घरात आहे. फोटो चार आहेत, आवाज एकच. २०२२ च्या दिवाळीत मी पुण्याहून घरी आलो तेव्हा टेपरेकॉर्डर संगणकाला वायरीने जोडला, ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती कॅसेट उतरवून घेतली आणि अण्णांना पाडव्याला ऐकवायची ठरवली. त्यासाठी आदल्या दिवशी मांजरसुंबा ओलांडून बीडला गेलो आणि स्पीकर घेऊन आलो. दुकानदाराने एक डीजेवालं गाणं लावलं, काउंटरची काच थरथरली, मी खूश. खोक्यावर हजारात वॉट लिहिलेले. अजून काय पाहिजे?

पाडव्याला आंघोळी-फराळ झाल्यावर अण्णांना खुर्चीवर बसवलं. आई दारात उभी. टाळ सुरू झाले, मृदंग सुरू झाला आणि खोलीत धम्म धम्म भरून गेलं. मग दादांचा आवाज आला. अण्णांनी मान पुढे केली, कानामागे हात धरला. दोन मिनिटं ऐकलं. मग म्हणाले,

"मशीन भारी आणलंस बाबा. पण हे दादा न्हाईत. काय म्हणायलेत ते बी कळंना गेलंय. बंद कर."

मी आवाज वाढवला. त्याने धम्म वाढलं. अण्णा उठून ओसरीवर जाऊन बसले. ज्या माणसाने स्वतः ती कॅसेट भरली, त्याला स्वतःच्या बापाचा आवाज ओळखू येईना. मला वाटलं कॅसेटच खराब झाली असेल, तीस वर्षं झाली. पण रात्री हेडफोन लावून ऐकलं तर शब्द न् शब्द स्वच्छ. म्हणजे दादा कॅसेटमध्ये होते. स्पीकरमधून बाहेर येत नव्हते.

त्यानंतर या विषयावर जे वाचलं, शोधलं, करून पाहिलं त्याचं सार असं.

पुरुषाच्या बोलण्याचा पायाचा सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या आसपास असतो. पण शब्द ओळखू येतात ते त्याच्या बऱ्याच वर, हजार ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. स, श, त, थ, फ या अक्षरांची धार तर आणखी वरची. वय वाढतं तसं माणसाला आधी वरचे आवाज ऐकू येईनासे होतात, खालचे टिकतात. त्यामुळे म्हातारी माणसं 'आवाज येतोय पण कळत नाही' म्हणतात ते अगदी खरं असतं. त्यात कानाची आणखी एक खोड आहे. खालचा आवाज जोराचा असला की तो वरच्या आवाजाला झाकून टाकतो. मी आवाज वाढवला तेव्हा दादांचे शब्द मोठे होण्याऐवजी मृदंगाखाली आणखी गाडले गेले, ते यामुळे.

आता स्वस्त २.१ संचाची गोम. त्यातले टेबलावरचे दोन डबे अगदी चिमुकले असतात. पैसे वाचवायचे तर कुठेतरी कात्री लागणारच. एवढ्याशा पडद्याला खालचे सूर झेपत नाहीत, म्हणून ते सगळे टेबलाखालच्या ठोकळ्याकडे पाठवले जातात. चांगल्या, महागड्या संचात हा ठोकळा फक्त अगदी तळाचे सूर सांभाळतो. स्वस्तात त्याला दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतची, कधी त्याहून वरचीही वेठबिगारी करावी लागते. म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्याचा खालचा भाग टेबलाखालून आणि वरचा भाग टेबलावरून. माणूस कमरेत कापून दोन खोल्यांत बसवल्यासारखं. त्यात मी तो ठोकळा जागा नाही म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात सारला होता. कोपऱ्यात ठेवलं की दोन्ही भिंती आणि जमीन मिळून तो घुमारा आणखी फुगवतात.

वॉटच्या आकड्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो पीएमपीओचा आकडा. क्षणभर, कुठल्या तरी आदर्श अवस्थेत निघू शकेल म्हणून सांगितलेली ती ताकद, आणि ती मोजायची एकच अशी पद्धतही नाही. आपल्याला बघायचा तो आरएमएसचा आकडा, सतत निघणारा. तोही लिहिला नसेल तर सोपी युक्ती आहे. अ‍ॅडॉप्टरवरची चिठ्ठी वाचा. १२ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअर लिहिलं असेल तर गुणाकार १२ वॉट. स्पीकरमधून सतत त्याहून जास्त निघणार कुठून? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. यूएसबीच्या जुन्या साध्या तोंडातून ५ व्होल्ट आणि अर्धा अ‍ॅम्पिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात.

पण अडीच वॉट ऐकून नाकही मुरडू नका. साध्या छोट्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण ८५ डेसिबलच्या आगेमागे आवाज होतो. आपलं नेहमीचं बोलणं ६० च्या घरातलं. तेवढ्या आवाजाला वॉटचा शंभरावा भागसुद्धा पुरून उरतो. टेबलावर आपण दोन-अडीच फुटांवर बसलेलो असतो. तिथे शंभर वॉट कशाला, गल्लीत वरात काढायचीय का?

मला वाटतं आपली खरी अडचण तिथेच आहे. आपले कान वरातीत तयार झालेत. छातीत धडधडलं म्हणजे आवाज चांगला, हे आपण गृहीत धरलंय. दुकानदाराला दोष देत नाही, गिऱ्हाईक ज्याला भुलतं ते तो वाजवतो. पण घरात येऊन आपण लावतो काय? कीर्तन, प्रवचन, बातम्या, नाटक, पोरांचे तास, जुनी गाणी. गीतरामायण घ्या. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर ५६ गाणी घरोघरी पोचली, ती लाकडी पेटीतल्या एकाच स्पीकरच्या रेडिओवरून. त्या रेडिओला तळाचा दणका नव्हता, वरची झिलईही नव्हती. मधला आवाज मात्र भरघोस होता, आणि गदिमांचा शब्द न् शब्द लोकांपर्यंत पोचला तो त्या मधल्या पट्ट्यातूनच. आमच्याकडे परभणी केंद्र लागायचं तेव्हा दादा चुलीपाशी बसून ओसरीवरच्या बातम्या ऐकायचे. कळत सगळं होतं.

तर पुढच्या वर्षी, २०२३ च्या गुढीपाडव्याला, मी दुसरी जोडी आणली. ठोकळा नाही. तीन-तीन इंची पडद्याचे दोन लाकडी डबे, बस. किंमत आधीच्या संचाइतकीच. या वेळी दुकानात जाताना दादांची फाईल मोबाईलमध्ये घेऊन गेलो आणि तीच लावायला सांगितली. दुकानातल्या पोराने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. पाहू दे. तुम्हीही असंच करा. ज्या माणसाचा आवाज तुम्ही प्रत्यक्ष ऐकलाय त्याचं बोलणं मोबाईलमध्ये भरून न्या आणि ते लहान आवाजात लावा. मोठ्या आवाजात सगळेच स्पीकर बरे वाटतात. हळू आवाजात शब्द कळले तर जोडी चांगली.

घरी आणल्यावर निम्मं काम मांडणीचं असतं आणि ते फुकट असतं. दोन स्पीकर आणि आपलं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरची तोंडं कानाच्या दिशेने, आणि शक्यतो कानाच्या उंचीवर. टेबलावर आडवे-सपाट ठेवले की आवाज पोटावर येतो आणि फळीवर आपटून गढूळ होतो. मी खाली दोन जुनी पंचांगं आणि त्यावर घडी घातलेलं फडकं ठेवून तोंडं किंचित वर केली. भिंतीपासून वीतभर पुढे ओढले. आमच्या खोलीत खाली शहाबादी फरशी, चारी बाजूंना कोरा गिलावा, त्यामुळे टाळी वाजवली तरी घुमते. समोरच्या भिंतीवर आईने शिवलेली एक वाकळ टांगली. आई म्हणाली, "लोक काय म्हणतील, भिंतीला वाकळ?" पण घुमणं निम्म्याने कमी झालं.

नावं विचारलीच आहेत तर नमुन्यादाखल दोन सांगतो, जाहिरात म्हणून नव्हे. क्रिएटिव्हचे पेबल हे गोल छोटे स्पीकर यूएसबीवर चालतात, मूळ मॉडेलची ताकद ४.४ वॉट आरएमएस, आणि त्यांची तोंडं मुळातच ४५ अंशात वर वळवलेली असतात. म्हणजे पंचांगाची गरज नाही. लॅपटॉपवर चालतात, त्यामुळे वीज गेली तरी भजन थांबत नाही. भारनियमनाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना याची किंमत कळेल. बजेट बरंच जास्त असेल तर एडिफायरचा आर१२८०टी आहे. चार इंची पडदा, वरच्या सुरांसाठी वेगळा छोटा पडदा, दोन्ही मिळून ४२ वॉट आरएमएस. त्यात एक स्पीकर दुसऱ्याला उघड्या वायरीने जोडावा लागतो. तिथे लाल-काळं उलटं करू नका, नाहीतर गाणारा मधोमध उभा राहण्याऐवजी भुतासारखा चारी बाजूंना पसरतो. ब्लूटूथचा एकच डबा मात्र टेबलासाठी मला पटत नाही. तो अंगणात बरा.

माझ्या मताला अपवाद आहेत. भाच्याला सिनेमे पाहायचे असतात, त्याला विमान कोसळताना खोली हलायला हवी. त्याने खुशाल ठोकळा घ्यावा, फक्त जरा जास्त पैसे घालून. हेडफोन हा सगळ्यांत स्वस्त आणि स्वच्छ उपाय आहे हेही मान्य. पण अण्णा हेडफोन लावत नाहीत. दारात कोण आलं ते कळत नाही म्हणतात. शिवाय घरातला आवाज एकट्याने ऐकायचा नसतो, आईलाही स्वयंपाकघरात तो पोचायला हवा.

असो. त्या पाडव्याला अण्णांना पुन्हा खुर्चीवर बसवलं. ते नाखुशीनेच बसले. कॅसेट मोनो, त्यामुळे दोन्ही स्पीकरमध्ये एकच आवाज, आणि नीट मधोमध बसलं की तो दोन्हींच्या मधून, थेट पडद्यातून आल्यासारखा वाटतो. टाळ झाले. मग अभंग उचलायच्या आधी दादा खाकरले. पहिल्या वेळी ते खाकरणं आम्हाला ऐकूच आलं नव्हतं.

अण्णा हलले नाहीत. एक अभंग संपला, दुसरा संपला. आई चहा घेऊन आली तर हातानेच थांब म्हणाले. मग बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मागं टाळ चुकायलाय ना, तो मीच. दादा लई वरडले होते त्या दिवशी."

कोपऱ्यातला तो ठोकळा सध्या भाच्याकडे आहे. मावसभावाने अजून काय घेतलं ते कळवलेलं नाही.