पेशीतील सफाईदाराची दुहेरी कामगिरी

कंपवात हा उतारवयाचा विकार मानला जात असला, तरी काहींना तो ऐन तारुण्यात गाठतो. अशा रुग्णांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी एक सदोष जनुक शोधून काढले. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ‘पार्किन’ हे नाव मिळाले.

त्याचे काम मात्र दहा वर्षांनी उलगडले. पेशीला ऊर्जा पुरविणारी तंतुकणिका निकामी झाली, की पार्किन तिच्याकडे धाव घेते आणि तिची विल्हेवाट लावण्यास चालना देते, असे २००८ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड यूल यांच्या गटाने दाखवून दिले. ‘पिंक-१’ हे प्रथिन त्याला पाचारण करते, हेही पुढे स्पष्ट झाले. ही सफाई थांबली, तर मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास होतो, असे मानले जाते.

पार्किनची कामगिरी एवढ्यावरच संपत नाही. तंतुकणिकांचे पूर्वज जिवाणूच होते. त्यामुळे पेशीत शिरलेल्या क्षयजंतूंचाही पार्किन समाचार घेते. पार्किन नसलेले उंदीर या जंतूंना अधिक सहज बळी पडतात, असे २०१३ मध्ये आढळले. या जनुकाचा कुष्ठरोगाशी असलेला संबंध तर २००४ मध्येच पुढे आला होता.

क्षय आणि कुष्ठरोगाचे जगातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या भारतासाठी हे संशोधन म्हणूनच महत्त्वाचे. कंपवातावरील प्रचलित औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात. पेशींचा ऱ्हास रोखत नाहीत. पार्किनला बळ देणारे औषध ही उणीव भरून काढेल काय, हाच कळीचा प्रश्न आहे. मात्र, अनेक कामे करणाऱ्या प्रथिनाला हात लावताना एका कामापुरता विचार पुरणार नाही.