काडतुसांची काटकसर

नवी रायफल सैन्यात दाखल झाली, की तिची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकतात; तिचा पल्ला किती, वजन किती, ती कोणत्या देशाची, तिच्यापायी किती कोटी मोजले, याची साद्यंत चर्चा होते, आणि ती चर्चा अनुचित आहे असे मी म्हणणार नाही. २०१९ साली अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीशी ७२,४०० रायफलींचा करार झाला तेव्हा, किंवा पुढे अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे रशियाच्या सहकार्याने एके-२०३ तयार होऊ लागली तेव्हा, इन्सास या आधीच्या रायफलीच्या कुरबुरींना कंटाळलेल्या जवानांस हायसे वाटले असल्यास नवल नाही. परंतु ती रायफल ज्याच्या खांद्याला लागणार, त्याने वर्षाकाठी तिच्यातून किती काडतुसे झाडली, हा प्रश्न संसदेत वा विधिमंडळात विचारला गेल्याचे क्वचितच ऐकू येते. रायफल दिसते, मोजता येते, साठ्याच्या वहीत चढते. सरावाचे काडतूस झाडले, की मागे उरते ते पितळेचे रिकामे टरफल, आणि तेही वेचून, मोजून कोठारात जमा करावे लागते. हत्याराच्या बाबतीत उदार आणि सरावाच्या बाबतीत कृपण असा जो आपला शिरस्ता पडून गेला आहे, त्याविरुद्ध ही कैफियत आहे.

या कृपणतेची किंमत इंग्रजांनी दक्षिण आफ्रिकेत मोजली होती. डिसेंबर १८९९ मधील एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी, ज्यांना कवायत म्हणजे काय हे धड ठाऊक नव्हते, पण लहानपणापासून घोड्यावर बसून शिकार करण्यात ज्यांचे आयुष्य गेले होते, त्या बोअर शेतकऱ्यांनी साम्राज्याच्या फौजेचा पराभव केला. बोअरांजवळ जर्मन बनावटीच्या उत्तम माउझर होत्या हे खरे. पण इंग्रजांच्या रायफलीही काही टाकाऊ नव्हत्या. उणीव होती ती एकेका शिपायाने स्वतः अंतर अजमावून, आडोसा साधून, नेम धरून गोळी झाडण्याच्या सवयीची, कारण तोवरची शिकवण हुकुमासरशी एकदम बार काढण्याची होती. युद्ध आटोपल्यावर सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत नेमबाजीला पायदळाच्या शिक्षणात मानाचे स्थान मिळाले, केंट परगण्यातील हाइथच्या नेमबाजीच्या शाळेचे महत्त्व वाढले, आणि पुढे तीनशे यार्डांवरील लक्ष्यावर एका मिनिटात नेम धरून पंधरा गोळ्या झाडण्याची कसोटी ठरली. २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधील मॉन्स येथे जर्मन पलटणी या शिपायांसमोर आल्या, तेव्हा समोर मशीनगनांची रांगच मांडली आहे असा त्यांचा समज झाल्याचे सांगतात. सांगण्यात अतिशयोक्ती असेलही. पण शिपायांच्या हातात होती ती ली-एनफिल्ड, खटक्याने एकेक काडतूस आत सारावे लागणारी, पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची रायफल.

तिचे नाव महाराष्ट्राला वेगळ्या संदर्भात परिचित आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या मारेकऱ्यांना सामोरे जाताना मुंबई पोलिसांतील अनेक शिपायांच्या हाती हीच रायफल होती, काहींच्या हाती नुसती लाठी होती, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी जे धैर्य दाखवले त्याला उपमा नाही. त्या रात्रीनंतर 'जुनाट रायफल' हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसला आणि नव्या हत्यारांची खरेदी झाली, ती व्हायलाच हवी होती. त्या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने मात्र दारूगोळ्याच्या टंचाईकडे आणि त्यापायी खोळंबलेल्या गोळीबाराच्या सरावाकडेही लक्ष वेधले होते. अहवालाचा हा भाग लोकांच्या स्मरणातून लवकर पुसला गेला, कारण त्यात छायाचित्र काढण्याजोगे काही नव्हते.

सैन्याची स्थिती पोलिसांहून बरी असली, तरी निश्चिंत होण्याजोगी राहिलेली नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी सैन्याच्या दारूगोळ्यासंबंधी २०१५ साली जो अहवाल दिला, त्यात सरावाच्या दारूगोळ्याच्या बहुतेक प्रकारांचा साठा पाच दिवसांहूनही कमी असल्याची आणि त्यामुळे प्रशिक्षणावर निर्बंध घालावे लागल्याची नोंद होती. युद्धाचा साठा राखायचा म्हणून सरावाला कात्री लावायची, हा हिशेब कागदावर शहाणपणाचा दिसतो.

आता याच्या उलट बाजूला, खेळातल्या नेमबाजीकडे, वळू. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे, ऑलिंपिकमध्ये, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. आधी गुडघ्यावर, मग पालथे पडून आणि शेवटी उभ्याने, अशा या स्पर्धेतील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. रेल्वेच्या नोकरीतला हा मुलगा तेथवर पोहोचला तो कोणत्या साधनांवर? जाड कॅनव्हासचा ताठर कोट, तशीच विजार, सपाट तळव्याचे बूट, शरीराच्या मापाप्रमाणे इंचाइंचाने जुळवलेला दस्ता; आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे काडतुसांची निवड. एकाच कारखान्यातून, एकाच नावाने निघालेल्या पॉइंट टू-टूच्या काडतुसांच्या दोन खेपा एकाच नळीतून सारख्या चालत नाहीत. म्हणून वरच्या दर्जाचे नेमबाज आपली नळी शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळ्या खेपांची परीक्षा घेतात आणि जी खेप सर्वांत घट्ट पुंजका देईल तिचा साठा एकदम विकत घेतात. ही काडतुसे परदेशातून येतात. परवाना, आयातीची मंजुरी, वार्षिक कोटा, जकात या पायऱ्या चढून ती खेळाडूच्या हाती पडतात, आणि त्यानंतर ती हजारांनी खर्ची पडतात. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले, राही सरनोबत हिने २०१८ साली आशियाई सुवर्णपदक मिळवले. कोल्हापूरच्या पाण्याचे कौतुक आपण मनसोक्त करतो (मीही करतो), पण त्या पदकांमागे झिजलेल्या नळ्या आणि पितळेची टरफले होती, हे पाण्याच्या कौतुकात विसरले जाते.

यावर लष्करी अनुभव असलेले गृहस्थ हसून म्हणतील, की खेळाडूचे लक्ष्य हलत नाही, अंतर ठरलेले असते आणि उलट गोळी येत नाही. आक्षेप रास्त आहे. पदक मिळवणाऱ्या कोटात शिपायाला दहा पावले धड चालता येणार नाहीत. तथापि खेळाडूची एक रीत शिपायालाही लागू आहे: जे अंगावर घालून स्पर्धा करायची, तेच घालून तो सराव करतो. गोळीरोधक जाकिटाच्या पत्र्यांमुळे दस्ता खांद्यावरून सरकतो, डोळा नेमाच्या माशीपासून मागे जातो, पालथे पडल्यावर छाती उचललेली राहते आणि मान अवघडते. साध्या गणवेशात उत्तम नेम असलेला शिपाई जाकीट चढवताच चाचपडू लागतो. १,८६,१३८ जाकिटांची निकड २००९ साली मान्य झाली आणि मोठा करार व्हायला २०१८ उजाडले. जे संरक्षणालाच पुरत नव्हते, ते सरावाला कोठून येणार?

काडतूस आणि गुरू दोन्ही दिले म्हणजे काय होते, याचे उत्तर शोधण्यासाठी सैन्याला बाहेर पाहावे लागत नाही. बाबासाहेबांचे जन्मस्थान म्हणून आपल्याला ठाऊक असलेल्या महू येथे सैन्याचे नेमबाजी पथक आहे. डोग्रा रेजिमेंटचा विजय कुमार तेथे घडला आणि २०१२ साली लंडन ऑलिंपिकहून रौप्यपदक घेऊन आला. गुरखा पलटणीचा जितू राय यानेही २०१४ साली आशियाई सुवर्णपदक मिळवले. दोघेही साधे शिपाई म्हणूनच भरती झाले होते. निवडक मूठभरांना मिळणारी ही मुबलकता पलटणीतल्या प्रत्येकाला मिळावी असे कोणी म्हणणार नाही. पण तिचा दशांशही पोलीस ठाण्यातल्या शिपायाच्या वाट्याला का येऊ नये?

राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते पुढे लोकसभेचे सभापती झालेले दादासाहेब मावळंकर. त्या पिढीला नेमबाजी हे नागरिकाचे एक शिक्षण वाटत होते. आज तितके मागण्याची माझी इच्छा नाही. घराघरांत बंदूक असावी असे मला मुळीच वाटत नाही. मागणे आहे ते अगदी दप्तरी स्वरूपाचे. सरावाच्या दारूगोळ्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष असावे आणि त्यातली रक्कम वर्षअखेरीस वाहनांकडे वा इमारतींकडे वळवण्याची मुभा कोणालाही नसावी. राज्याच्या गृहखात्याने आपल्या वार्षिक अहवालात दर शिपायामागे सरासरी किती फैरी झाडल्या गेल्या, हा एक आकडा छापावा. त्यात गुपित असे काहीच नाही. शहरांच्या वाढीने गिळलेल्या चांदमारीच्या जागांना पर्याय म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत बंदिस्त मैदाने उभारावीत आणि सकाळी पोलीस, संध्याकाळी खेळाडू अशी त्यांची वाटणी करावी. परकी चलनाची सबब येथे लागू पडत नाही. खेळाडूची काडतुसे परदेशातून आणावी लागत असली, तरी शिपायाच्या रायफलीची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीत आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगावात तयार होतात, आणि हे दोन्ही कारखाने ज्या सरकारी कंपनीकडे आहेत तिचे मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे.