खेळणाऱ्यांची तक्रार आणि समीक्षकांचे मौन

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांविषयी आपल्या साहित्यवर्तुळात एक ठरीव मत आहे. हे लोक उतावळे, तक्रारखोर आणि अर्धवट वयात अडकलेले असतात. नवा खेळ आला की पहिल्या दिवशी झुंबड करायची आणि दुसऱ्या दिवशी शिव्यांची लाखोली वाहायची, एवढाच त्यांचा रसिकपणा, असे ते मत. २०२४ पासून या मंडळींनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराविरुद्ध जो गदारोळ चालविला, त्याचीही बोळवण याच मताने झाली. पोरांचा पोरखेळ म्हणून तो सोडून देण्यात आला. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. कलाकृती कोणाच्या हातांनी घडली, हा प्रश्न आज सर्वांत नेटाने कोणी विचारीत असतील तर ते हे खेळणारे. आणि ज्यांचा तो पिढ्यानपिढ्यांचा प्रश्न, ज्यांनी 'निर्मितिप्रक्रिया' या एका शब्दावर चर्चासत्रांमागून चर्चासत्रे भरविली, ते साहित्याचे अध्यापक आणि समीक्षक मात्र मौन पाळून आहेत.

एक उदाहरण घेऊ. फ्रान्समधील माँपेलिए येथील 'सँडफॉल इंटरॅक्टिव्ह' या संस्थेचा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' हा खेळ २४ एप्रिल २०२५ रोजी प्रकाशित झाला. तो वर्षभर गाजला. डिसेंबर २०२५ मध्ये 'द गेम अवॉर्ड्‌स' या सोहळ्यात त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाच्या मानासह नऊ पारितोषिके मिळाली. त्याच महिन्यात स्वतंत्र निर्मात्यांसाठी असलेल्या 'इंडी गेम अवॉर्ड्‌स'ने त्याला दोन पारितोषिके दिली आणि काही दिवसांतच परत घेतली. निर्मितीच्या काळात जागा भरण्यापुरती वापरलेली काही यंत्रनिर्मित चित्रे प्रकाशित खेळात राहून गेली होती. ती लवकरच बदलण्यात आली. पण या पारितोषिकांच्या नियमांत असा वापरच निषिद्ध होता, आणि आयोजकांच्या म्हणण्यानुसार प्रवेशिका देताना तो झालेला नाही असे सांगण्यात आले होते. शिक्षा अपराधाच्या मानाने जड झाली का, यावर दुमत होऊ शकते. आम्हालाही ती जराशी कठोरच वाटते. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते त्याआधी घडलेले. कित्येक तासांच्या त्या खेळात, धावपळीच्या वाटेवरच्या चिकटवलेल्या कागदांसमोर कोणीतरी थांबले, त्यांच्याकडे नीट पाहिले, आणि येथे काहीतरी खोटे आहे हे त्याच्या ध्यानी आले.

याला आमच्या वर्गांत 'बारकाईने वाचणे' म्हणतात. आम्ही ते शिकवतो, त्यावर गुण देतो. अमुक कादंबरीत खिडकीचा रंग निळाच का, तमुक कवितेत स्वल्पविराम तेथेच का, असे विद्यार्थ्याला विचारताना आम्ही एक गोष्ट गृहीत धरलेली असते: हे येथे कोणीतरी ठेवले आहे. ठेवणाऱ्याचा हेतू आपल्याला पूर्ण कळेलच असे नाही. कदाचित त्यालाही तो पूर्ण कळलेला नसेल. पण निवड झालेली आहे. दुसरे काही ठेवता आले असते, ते न ठेवता हे ठेवले आहे. वाचनाचा सारा व्यवहार या एका विश्वासावर उभा आहे. भिंतीवरचे चित्र कोणीच निवडलेले नसेल, तर त्यापुढे थांबणाऱ्याची फसगत होते, आणि न थांबता पळत सुटणारा शहाणा ठरतो. लक्ष देणाऱ्याला लक्ष देण्याचीच शिक्षा मिळावी, यापरते रसिकतेचे नुकसान कोणते?

'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स ६' या ऑक्टोबर २०२४ मधील खेळात नाताळच्या सुमारास प्रेतरूपी सांताक्लॉजचे एक चित्र आले. खेळणाऱ्यांनी त्याच्या हाताची बोटे मोजली. ती सहा भरली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये, खेळांच्या विक्रीचे मोठे दालन असलेल्या 'स्टीम'वर, या खेळाच्या काही घटकांसाठी यंत्राची मदत घेतल्याची कबुली प्रकाशकाने नोंदविली. बोटे मोजणाऱ्यांना छिद्रान्वेषी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण सहावे बोट चित्रकाराने काढले असते, तर आम्हीच त्यावर पाच पानांचा निबंध लिहिला असता. प्रेताच्या देहातील विकृती, सणाच्या उत्साहातील अभद्र, असे काय काय आम्हाला त्यात दिसले असते! तो निबंध लिहिता येतो की नाही, हे चित्र कसे आले यावर अवलंबून आहे. म्हणून तो प्रश्न गौण नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: खेळांत यंत्रनिर्मिती आजची नाही. हे खरे आहे. १९८० च्या 'रोग' या खेळात प्रत्येक डावाला भुयार नवे असे, आणि ते यंत्रच रचीत असे. पण ते ज्या नियमांनी रचले जाई ते नियम माणसांनी लिहिले होते. दालने किती, वाटा कशा, संकट केव्हा, याचा विचार त्यांत होता. नियम ही तेथील संहिता. भुयार हा तिचा एक प्रयोग. अशी संहिता वाचता येते, तिच्यावर टीका करता येते. २०१६ मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला तेव्हा त्यातील ग्रहांची संख्या मोजायला परार्धही अपुरा पडावा अशी होती, आणि तरीही लोक निराश झाले. ग्रह पुष्कळ होते, भेटण्याजोगे थोडे होते. ती निराशा कोणावर काढायची हे तरी लोकांना ठाऊक होते. नियम लिहिणारे समोर होते, आणि पुढे वर्षानुवर्षे भर घालून त्यांनी त्या टीकेला उत्तरही दिले. हजारो अनामिक चित्रकारांची कामे न विचारता गिळून त्यांची सरासरी ओकणाऱ्या यंत्राला हा न्याय कसा लावणार? तेथे नियम लिहिणारा कोण, आणि उत्तर देणारा कोण?

दुसरा आक्षेप आमच्याच गोटातून येतो आणि तो अधिक वरच्या पट्टीत असतो. रोलां बार्थ यांनी १९६७ मध्येच लेखकाचा मृत्यू घोषित केला. मग हाताची विचारपूस कशाला? आम्हाला या युक्तिवादाची मौज वाटते. बार्थ यांचे भांडण लेखकाच्या मक्तेदारीशी होते. अर्थाची किल्ली एकट्या लेखकाच्या खिशात नाही, ती वाचकाच्याही हाती यावी, हा त्यांचा आग्रह. वाचकाला मोठे करण्यासाठी केलेला तो विचार होता. तोच विचार आज कंपन्यांच्या वकिलीसाठी वापरला जातो आणि वाचकाला सांगितले जाते की, तू विचारू नकोस, जे दिले ते घे. लेखकाला सिंहासनावरून उतरविणे वेगळे आणि चित्रकाराला पगारपत्रकातून उतरविणे वेगळे. सिद्धान्ताच्या तासाला हा फरक सांगितला जात नसेल, तर तो तास वाया गेला असे आम्ही म्हणू.

तिसरा आक्षेप धंदेवाल्यांचा. जानेवारी २०२४ पासून 'स्टीम'ने निर्मात्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर जाहीर करण्याचे बंधन घातले. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'एपिक गेम्स'चे प्रमुख टिम स्वीनी यांनी अशा नोंदीची खिल्ली उडविली. पुढे जवळपास सगळ्याच निर्मितीत ही यंत्रे असणार, तेव्हा नोंदीला अर्थ काय; मग निर्माता कोणता शाम्पू वापरतो तेही जाहीर करायला लावा, अशा आशयाचे ते बोलले. स्वीनी यांचे स्वतःचेही विक्रीदालन आहे, हे ध्यानात ठेवून मराठी वाचकांनी आपल्या कपाटातील कोणतेही जुने पुस्तक काढावे आणि आतले दुसरे पान पाहावे. प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन. खिळे जुळविणाऱ्याचेही नाव छापण्याची रीत ज्या भाषेत रुजली, त्या भाषेला शाम्पू आणि श्रेय यांतला फरक कोणी समजावून सांगायला नको.

श्रेयाचा हा प्रश्न आवाजाच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. अमेरिकेतील 'सॅग-आफ्ट्रा' या संघटनेच्या व्हिडिओ गेममधील कलावंतांनी २६ जुलै २०२४ रोजी संप सुरू केला. तो जून २०२५ मध्ये थांबला आणि जुलैत नव्या करारावर शिक्कामोर्तब झाले. आपल्या आवाजाची यांत्रिक प्रतिकृती करायची तर आधी संमती आणि वापराची माहिती हवी, हा त्या लढ्याचा गाभा होता. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या 'आर्क रेडर्स'ने अवघड पेच टाकला. तेथे कलावंतांनी पैसे घेऊन संमती दिली होती, आणि त्यांच्या आवाजावरून यंत्र नवी वाक्ये बोलत होते. कायद्याने सारे चोख. तरीही 'युरोगेमर'च्या समीक्षेत या कारणाने त्याला पाचपैकी दोनच तारे मिळाले आणि वादळ उठले. आमच्या मते समीक्षकाचा कान शाबूत होता. 'दार बंद आहे' हे वाक्य भीतीने म्हणता येते, चिडून म्हणता येते, किंवा दार आपणच बंद केले आहे हे लपवीत म्हणता येते. नट जे विकतो ते ही निवड. कंठातला ध्वनी हे केवळ तिचे वाहन. नाट्यशास्त्रात 'वाचिक अभिनय' शिकविणाऱ्यांना तरी हे पटायला हरकत नसावी.

या तेजीचा फटका केवळ रसास्वादाला बसलेला नाही, खिशालाही बसला आहे. आणि त्यात एक विलक्षण उपरोध आहे. ज्या चित्रप्रक्रिया-कार्डांवर ही यंत्रे घडतात, ती मुळात खेळणाऱ्यांसाठी निघाली. २०१२ मध्ये 'अ‍ॅलेक्सनेट' या प्रणालीने चित्रे ओळखण्यात मोठी झेप घेतली, ती 'एनव्हिडिया'च्या, खेळणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांच्या बळावर. म्हणजे वर्षानुवर्षे कार्डे विकत घेऊन ज्यांनी हा उद्योग पोसला, त्यांनाच आता पंगतीतून उठविले जात आहे. २०२५ च्या अखेरीस संगणकाच्या स्मृतिचकत्यांचे भाव भडकले, कारण त्या बनविणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी आपले बळ विदाकेंद्रांना लागणाऱ्या महागड्या स्मृतीकडे वळविले. ३ डिसेंबर २०२५ रोजी 'मायक्रॉन'ने 'क्रुशल' या नावाने चालणारा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन संगणक जोडणाऱ्या विद्यार्थ्याचा या निर्णयांत काही वाटा नव्हता. भुर्दंड मात्र त्यालाही आहे.

आता खेळणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावणे प्राप्त आहे. त्यांचा संताप अनेकदा आंधळा असतो. हाताने काढलेल्या चित्रावर यंत्राचा आळ घेऊन एखाद्या छोट्या कलावंताला छळण्याचे प्रकार झाले आहेत, आणि ते लाजिरवाणे आहेत. शिवाय निषेध करणारेच खरेदीच्या रांगेत पुढे असतात. 'आर्क रेडर्स'च्या लाखो प्रती वादळानंतरही खपल्या. दरवर्षी नवा भाग हवा, तो आधीच्यापेक्षा मोठा हवा, आणि पानापानावरचे दवबिंदू खरे दिसायला हवेत, या भुकेनेच कंपन्यांना यंत्राची सबब पुरविली. परंतु या लोकांना थांबता येतच नाही, असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातील 'टीम चेरी' या मूठभर लोकांच्या संस्थेने 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'ची घोषणा २०१९ मध्ये केली, खेळ आला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. त्या दिवशी विक्रीची संकेतस्थळे गर्दीने कोलमडली. साडेसहा वर्षे वाट पाहणाऱ्या रसिकाला उतावळा म्हणण्याचा अधिकार, दिवाळी अंकासाठी आठवड्यात कथा पाडून देणाऱ्या आपल्या साहित्यविश्वाला तरी नाही.

मग आपण काय करावे? निदान आपल्या अंगणात पाहावे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्‌स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. त्याची रंगसंगती पहाडी चित्रशैलीची, कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारे, आणि वाटेवरच्या भिंतींवर पुराणकथांची चित्रे. त्या भिंतींसमोर थांबणे सार्थकी लागते, कारण तेथे रंग कोणीतरी निवडला आहे. मराठीच्या किती विभागांत या कृतीवर एखादी टिपणवही तरी भरली असेल? आणि ग्रंथव्यवहाराचे काय? यंत्राकडून करून घेतलेला आणि वरवर हात फिरविलेला अनुवाद, यंत्राने काढलेले मुखपृष्ठ, यांची कबुली देणारी ओळ आम्हाला तरी मराठी पुस्तकांत आढळलेली नाही. विद्यार्थ्याने निबंध यंत्राकडून लिहवून आणला की आपण त्याला शिक्षा करतो. प्रकाशकाला विचारण्याचे धाडस आपल्याला होत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुस्तकाच्या त्या दुसऱ्या पानावर, मुखपृष्ठ आणि अक्षरजुळणी यांच्या शेजारी, आणखी एक ओळ असावी: या पुस्तकात यंत्राचा वापर कोठे आणि किती झाला, किंवा झालेला नाही. परीक्षण लिहिणाऱ्याने ती ओळ आधी वाचावी, नसेल तर विचारावी, आणि उत्तर न मिळाल्यास तसे परीक्षणात लिहावे. अभ्यासमंडळांनी पुस्तके नेमताना तिचा आग्रह धरावा. या ओळीने वाईट पुस्तक चांगले होणार नाही, हे आम्ही जाणतो. पण वाचताना जेथे आम्ही थांबू, तेथे थांबण्याजोगे कोणी काही ठेवले आहे की नाही, एवढे तरी आम्हाला कळेल. खेळणाऱ्यांनी हा हक्क भांडून मागितला. आपण तो अजून मागितलेलाही नाही.