गाडीचं वय विचारता, तब्येत का नाही?

पोस्ट जरा मोठी आहे. ज्यांच्या दारात पंधरा वर्षांच्या पुढची गाडी उभी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

माझ्याकडे मार्च २००६ ची वॅगनआर आहे. २०२१ च्या मार्चमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरसी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. फी होती ६०० रुपये. त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून हीच फी ५,००० झाली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी चढवली: गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर १०,०००, वर जीएसटी. म्हणजे त्याच गाडीच्या त्याच कागदासाठी पाच वर्षांत ६०० चे १०,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. नवी नंबरप्लेट वेगळी, तिचे चारचाकीला ७४५ अधिक जीएसटी. आमच्या गावापासून आरटीओ ऑफिस सत्तर किलोमीटर. तिथला हेलपाटा, बुडालेला दिवस आणि 'मी करून देतो की' म्हणणाऱ्या माणसाचा चहापाणी धरलाच नाही अजून.

बाजारात ही गाडी विकायला काढली तर साठ-पासष्ट हजार येतील. तरी फी भरायला माझी कुरकुर नाही. माझा प्रश्न वेगळाच आहे. ही फी कशाची? गाडी तपासायची असेल तर तपासणीचा खर्च वीस वर्षांच्या गाडीला आणि चौदा वर्षांच्या गाडीला किती वेगळा येतो?

आता थोडं विषयांतर करतो, पण ते मुद्द्याला धरूनच आहे.

माझा मावसभाऊ अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तिकडे गेलेली आपली बहुतेक मंडळी पहिली गाडी घेतात ती टोयोटा कॅमरी, कोरोला, नाहीतर होंडा. याने घेतली २००८ ची सुबारू आउटबॅक, सेकंडहँड. तिकडे कोलोरॅडोत, व्हर्मांटमध्ये, बर्फ पडणाऱ्या भागात सुबारू गल्लोगल्ली दिसते म्हणे, कारण चारही चाकांना ताकद मिळते. मला या गाडीचं कुतूहल जुनं आहे. तुमच्यापैकी फार थोड्यांना आठवत असेल, पण सुबारू आपल्याकडेही येऊन गेली आहे, फक्त दुसऱ्याच्या नावाने. जनरल मोटर्सची तेव्हा सुबारू बनवणाऱ्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये २० टक्के भागीदारी होती. म्हणून सुबारूची फॉरेस्टर इथे शेवरले फॉरेस्टर म्हणून विकली गेली. २००५ मध्ये जनरल मोटर्सने ती भागीदारी विकून टाकली. फॉरेस्टर इथल्या शोरूममधून गेली आणि ज्या थोड्या लोकांनी घेतली होती त्यांच्याकडे एक उत्तम पण पोरकी गाडी उरली.

पोरकी का म्हणतो? तिचं इंजिनच जगावेगळं. आपल्या नेहमीच्या गाडीत सिलिंडर उभे, एका ओळीत, वर एक हेड. सुबारूत ते आडवे झोपलेले, दोन इकडे, दोन तिकडे, समोरासमोर ठोसे मारणाऱ्या पैलवानांसारखे. म्हणून त्याला बॉक्सर इंजिन म्हणतात. वजन खाली राहतं, गाडी वळणावर जमिनीला धरून चालते. पण हेड दोन, म्हणजे हेड गॅस्केटही दोन. त्यांच्या जुन्या अडीच लिटरच्या इंजिनात हे गॅस्केट हाच नाजूक भाग. लाखभर मैलांच्या आसपास कूलंट किंवा ऑइल झिरपायला लागतं, आणि नीट काम करायचं तर बरेच मेकॅनिक इंजिनच खाली उतरवतात. टायमिंग बेल्टही वेळेत बदलावा लागतो, तुटला की इंजिन गेलं. २०११ च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनात चेन दिली. आणखी एक भानगड म्हणजे टायर. चारही चाकं एकमेकांशी जोडलेली असल्याने टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. एक टायर फाटला म्हणून एकच बदलू असं जमत नाही. आपल्याकडे तर स्टेपनीला कुठल्या जमान्यातला टायर असतो हे मालकालाही माहीत नसतं!

कॅमरीला यातलं काही नाही. एक हेड, दोनच चाकांना ताकद, कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून काम करतो. मग लोक जुनी सुबारू सांभाळतात कशी? मी भावाला विचारलं तर म्हणाला, "दादा, गाडी घेताना मी गाडी कमी आणि तिची फाइल जास्त बघितली. गॅस्केट कधी बदललं, बेल्ट कधी, कुठे, किती मैलांवर, सगळ्या पावत्या होत्या." त्याच्या गावात फक्त सुबारूच दुरुस्त करणारी स्वतंत्र गॅरेजं आहेत. कंपनीचा पार्ट मिळतो, बाहेरचा मिळतो, भंगारातला तपासून मिळतो.

आणि फी? कोलोरॅडोत गाडीवरचा मालकी कर गाडीच्या वयाबरोबर खाली येतो. दहाव्या वर्षापासून तो वर्षाला फक्त ३ डॉलर. बाकीच्या किरकोळ फिया असतात, पण कर उतरता. त्याच वेळी डेन्व्हर भागात जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी धुराची तपासणी करावी लागते, आणि ती खरोखर मशीनवर होते. नापास झालात तर दुरुस्त करून परत या. म्हणजे वयाची शिक्षा नाही, पण धुराला माफीही नाही. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या गाडीचं सरासरी वय आज बारा वर्षांच्या वर आहे. श्रीमंत देश आहे, तरी लोक गाड्या वापरतात आणि सरकार त्यांना वापरू देतं.

आता आपल्याकडे या.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. बीएस-२, बीएस-३ च्या काळातलं इंजिन बीएस-६ च्या तुलनेत हवा जास्त खराब करतं, यात वाद नाही. दिल्लीतल्या माणसाने हिवाळ्यात श्वास कसा घ्यायचा हा खरा प्रश्न आहे. पण मग तपासा ना! सायलेन्सरमध्ये नळी घालून तपासा, ब्रेक तपासा, चेसिस गंजली का बघा. नापास असेल तर माझी गाडी मीच स्क्रॅपला नेऊन देईन. आपल्याकडे पीयूसी कशी मिळते हे मी सांगायला नको. गाडी घरी उभी असते आणि सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर येतं. ही तपासणी सुधारायला मेहनत लागते, फी वाढवायला एक अधिसूचना पुरते.

आणि ही गाडी वापरतो कोण? आमच्या तालुक्यात बघा. निवृत्त मास्तर, किराणा दुकानदार, दूध घालणारा, माझ्यासारखा बातमीदार. महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा होत नाही. पण रात्री अडीच वाजता गल्लीत कुणाच्या छातीत दुखलं की तीच गाडी बाहेर निघते. १०८ येते, पण येईपर्यंत धीर धरवत नाही. नवी गाडी घ्यायची तर हप्ता आठ-दहा हजार. हे धोरण ज्यांनी केलं त्यांच्या डोळ्यासमोर दर पाच वर्षांनी गाडी बदलणारा माणूस होता. गाडी हीच ज्याची आयुष्यातली एकमेव चैन आहे तो नव्हता.

वॅगनआर, मारुती ८००, ओम्नी, अल्टो यांचं एक बरं आहे. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, तरी आजही तिचा पार्ट तालुक्याच्या दुकानात मिळतो. गेल्या वर्षी माझ्या गाडीचं क्लचचं काम निघालं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून पाच हजारांच्या आत भागलं. सकाळी दिली, संध्याकाळी आणली. फिटर म्हणाला, "साहेब, अजून पाच वर्षं काही बघू नका."

पण सगळ्यांचं नशीब असं नाही. माझे एक शिक्षक मित्र आहेत. इथून गाशा गुंडाळलेल्या एका परदेशी कंपनीची गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली, निम्म्या किमतीत. दणकट गाडी, हायवेला सुंदर चालते. एक दिवस एक छोटा इलेक्ट्रॉनिक भाग गेला आणि गाडी जागची हलेना. जिल्ह्यात पार्ट नाही. पुण्यात नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक मिळाला, तो बसवला तर कळलं की तो कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडून 'ओळख' करून द्यावा लागतो, आणि तो कॉम्प्युटर आसपास कुणाकडे नाही. शेवटी दिल्लीच्या काश्मिरी गेटहून कुणीतरी करून दिलं. सात आठवडे गाडी ताडपत्रीखाली, मास्तर एसटीने.

असे मास्तर गावोगावी आहेत. शेवरलेने २०१७ मध्ये इथली विक्री बंद केली. फियाटच्या गाड्या २०१९ पर्यंत गेल्या. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी देवू गेली, ओपेल गेली. जाताना सर्व्हिस आणि पार्ट चालू राहतील असं सांगितलं जातं. पण किती वर्षं, कुठल्या किमतीत, तालुक्याच्या गॅरेजला मिळणार का, हे ग्राहकाच्या हातात लेखी कुठे असतं? फियाटवाल्यांचं एका बाबतीत नशीब चांगलं. त्यांचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्येही होतं, इंडिका व्हिस्टातही होतं. त्यामुळे इंजिनाचा पार्ट कुठेही मिळतो. अडतं ते काचेला, बंपरला, हेडलाइटला.

हा प्रश्न सरकारला माहीत नाही असं समजू नका. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. आरोप हाच, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं तुम्ही बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाही. पुढे ते प्रकरण अपिलांमध्ये गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, त्याच वर्षअखेर पोर्टलही सुरू झालं. त्यात वाहनं आहेत, ट्रॅक्टर-शेती अवजारं आहेत. पोर्टलवर कंपन्यांची माहिती आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि त्याने मास्तरांची गाडी सुरू होत नाही.

कायदा केला तरी कंपन्या सुखासुखी मान्य करतील असंही नाही. परत सुबारूचंच उदाहरण. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की गाडीतून कंपनीकडे जाणारी बिघाडाची माहिती मालकाला आणि त्याच्या मेकॅनिकलाही मिळाली पाहिजे. ७५ टक्के लोक बाजूने. यावर सुबारूने काय केलं? २०२२ च्या मॉडेलपासून त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या गाड्यांतली ती सोयच बंद करून टाकली. माहिती वाटण्यापेक्षा सेवाच नको! कंपन्यांच्या संघटनेने कोर्टात खटलाही वर्षानुवर्षं लढवला. जुन्या सुबारूवर एवढं प्रेम करणारी माणसं, आणि नवीन सुबारूची ही तऱ्हा.

आज आपल्या गावात जी नवी गाडी येते तिच्यात किती कॉम्प्युटर आहेत ते मोजा. ती पंधरा वर्षांची होईल तेव्हा आमचा फिटर तिला हात लावू शकेल का? पाना-पक्कड त्याच्याकडे आहे, पासवर्ड नाही.

म्हणून माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, फेरनोंदणीची फी वयावर लावू नका. तपासणीचा जो खरा खर्च असेल तो घ्या आणि तपासणी खरी करा, तालुक्याच्या ठिकाणी करा. दोन, जी कंपनी इथे गाडी विकते तिने शेवटची गाडी विकल्यापासून किमान पंधरा वर्षं पार्ट आणि तपासणीचं सॉफ्टवेअर कुठल्याही गॅरेजला वाजवी दरात द्यायचं, हे कायद्याने बांधून टाका. कंपनी देश सोडून गेली तरी त्यासाठी अनामत रक्कम मागे ठेवायला लावा. सरकार ग्राहकाला पंधराव्या वर्षाची आठवण करून देतं, कंपनीलाही द्यावी.

ज्यांनी २०२२ नंतर फेरनोंदणी केली आहे त्यांनी एकूण खर्च किती आला, किती फेऱ्या झाल्या आणि गाडी प्रत्यक्षात किती मिनिटं तपासली, एवढं कमेंटमध्ये लिहा. पावतीचा फोटो टाकत असाल तर गाडीचा नंबर झाका. ज्यांची कंपनी देश सोडून गेली आहे त्यांनी कुठला पार्ट किती दिवस मिळाला नाही ते लिहा. हे सगळं एकत्र करून खासदारांना निवेदन द्यायचं ठरवलं आहे. मास्तर सही करायला सगळ्यांत आधी येणार आहेत, एसटी वेळेत मिळाली तर.