समुद्रावरची हवा आणि दाजींची टाच

दिवाळी सरली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, पोराकडं मुंबईला चाललोय महिनाभर. समुद्रावरची हवा साखरेला चांगली ना?" इतकी वर्षे मी मान डोलावून "हो हो, भरपूर चाला" असे सांगत आलो. हल्ली मान डोलावण्यापूर्वी पेशंटला चपला काढायला सांगतो आणि त्याचे तळपाय पाहतो. असे का, ते सांगण्यासाठी आजचे सदर.

गेल्या नाताळच्या सुट्टीत मी, आक्का आणि दाजी असे तिघे मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त शिक्षक, वय ६८, मधुमेह १८ वर्षांचा. भाची विलेपार्ल्याला राहते. दाजींनी बेत आधीच आखून ठेवला होता. एका दिवसात तीन नावाजलेल्या चौपाट्या चालून यायच्या. सकाळी गिरगाव, दुपारी दादर, संध्याकाळी जुहू. मधले अंतर लोकलने. आक्काने मात्र साफ सांगितले, "मी संध्याकाळी जुहूला येते. दिवसभर तिकडं बाईमाणसाची सोय कुठं असते?" त्या वेळी मी हसलो. पण तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. त्याविषयी पुढे लिहितो.

चर्नी रोडला उतरलो तेव्हा सात वाजत आले होते. हवेत सुखद गारवा होता. लोकमान्यांच्या पुतळ्याला नमस्कार करून आम्ही वाळूत उतरलो. समोर मलबार हिल आहे, असा केवळ अंदाज येत होता. दाजींनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "घ्या डॉक्टर, फुकटचा ऑक्सिजन." पण ते धुके नव्हते. त्यात धूर आणि धूळ पुष्कळ होती.

हे जरा समजून घेतले पाहिजे. हिवाळ्याच्या रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते. त्यामुळे पहाटे वारा समुद्राकडून येत नाही. तो शहराकडून समुद्राकडे जातो आणि तोही मंद. शिवाय जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेच्या थराखाली अडकते. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे होते. गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ, शेकोट्यांचा धूर, सारे त्या झाकणाखाली राहते. ऊन चढले की झाकण उघडते आणि दुपारी समुद्राकडून वारा आत येऊ लागतो. म्हणजे पहाटे चौपाटीवर आपण ज्याला समुद्राची हवा म्हणतो, ती बहुतांशी मुंबईचीच कालची हवा असते! या हवेची दखल २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. दमेकऱ्यांनी आणि हृदयविकार असणाऱ्यांनी अशा दिवसांत पहाटेचा हट्ट सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊनंतर जा, नाहीतर चारनंतर जा. ब्राह्ममुहूर्ताचे पुण्य फुप्फुसांना लागू पडत नाही.

आता मुख्य गोष्ट. वाळूत उतरताच दाजींनी चपला हातात घेतल्या. "अनवाणी चालल्यानं डोळं निवतात," म्हणाले. मी डॉक्टर. १८ वर्षांचा मधुमेही अनवाणी चालतो आहे, हे मला दिसत होते. पण दाजी वडीलधारे, त्यात मास्तर. सुट्टीच्या दिवशी त्यांना काय टोकायचे, असे म्हणून गप्प बसलो. पाऊण तास आम्ही चाललो. सुक्या, भुसभुशीत वाळूत चालणे म्हणजे चांगलीच मेहनत. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी मोजून पाहिले, तेव्हा कठीण जमिनीपेक्षा वाळूत चालायला दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते असे आढळले. म्हणून घरी रोज तीन किलोमीटर चालणाऱ्याने वाळूतही तेवढेच चालेन म्हणू नये. दाजींना घाम फुटला, हात थरथरू लागले. सकाळची गोळी घेतलेली आणि पोटात फक्त चहा. साखर उतरली होती. माझ्या खिशात ग्लुकोजची बिस्किटे होती म्हणून निभावले. पाण्यालगतची ओली, घट्ट वाळू चालायला बरी, पण तिला समुद्राकडे उतार असतो आणि एका गुडघ्यावर भार जास्त पडतो. ज्या वाटेने जाल त्याच वाटेने परत या, म्हणजे निदान दोन्ही गुडघे सारखे दुखतील.

दादरला पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथे वाळूची पट्टी अरुंद आहे. चैत्यभूमीला अभिवादन करून आम्ही कठड्यापाशी बसलो. ऊन चांगले होते. दाजी म्हणाले, "सकाळचं कोवळं ऊन चुकलं, आता ह्याचा काय उपयोग?" हाही एक सार्वत्रिक गैरसमज आहे. कोवळे ऊन अंगाला गोड लागते खरे, पण 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य खाली असताना फारसे पोचत नाहीत. ढोबळ ठोकताळा असा, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली, म्हणजे ऊन कामाचे. डिसेंबरअखेर मुंबईत अशी सावली जेमतेम दोन तास मिळते, साधारण साडेअकरा ते दीड. तेवढ्यात हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलात तरी पुरे. डोक्यावर टोपी असावी. मात्र याच वेळी सुकी वाळू पायाला चटका देण्याइतकी तापू शकते, आणि ज्याला चटका कळतच नाही त्याचे काय?

संध्याकाळी जुहूला आक्का आणि नात आल्या. भेळ झाली, घोडागाडीच्या आठवणी झाल्या. नातीला पाण्यात जायचे होते. घोट्यापर्यंत जा, तोंडात पाणी घेऊ नको, एवढ्यावर तडजोड झाली. शहराचे नाले अखेर समुद्रालाच मिळतात आणि त्यातला सगळा मैला शुद्ध होऊन येत नाही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ पासून स्वयंसेवकांनी कचरा उपसला आणि २०१८ साली तिथे कासवाची पिल्ले वाळूतून समुद्राकडे जाताना दिसली. या कामाचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण पाण्यातले जंतू टोपलीने उचलता येत नाहीत. दाजी पुन्हा अनवाणीच होते. त्याच पाण्यात त्यांनी पाय बुडवले.

रात्री जेवणे झाली आणि नात ओरडली, "आजोबा, फरशीवर लाल ठसे!" पाहतो तो दाजींच्या उजव्या टाचेत तांदळाएवढी काच रुतलेली. जखमेच्या कडा फुगलेल्या, वाळू आत गेलेली. केव्हा लागली? बहुधा गिरगावलाच. म्हणजे ते दिवसभर काचेवर चालत होते. आणि दाजी शांतपणे विचारत होते, "कुणाचं रक्त हे?"

मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री आग होते, मग तेही थांबते. पेशंट म्हणतो, "आता बरं वाटतंय." वास्तविक दुखणे सांगणारी तारच तुटलेली असते. रक्तपुरवठा कमी, साखर जास्त, त्यात समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा जखमेत भराभर वाढणारे. बोट, कधी पाऊल, कधी गुडघ्याखालचा पाय गमावलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातल्या कित्येकांची सुरुवात अशाच क्षुल्लक काट्याने किंवा नव्या चपलेच्या फोडाने झाली होती. दाजींची जखम त्याच रात्री जवळच्या डॉक्टरांनी धुतली, काच काढली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. भरायला सहा आठवडे लागले. पाय वाचला.

मला झोप आली नाही, ती वेगळ्याच कारणाने. १८ वर्षे मी दाजींच्या साखरेचे कागद पाहत होतो. पाय एकदाही पाहिले नव्हते. त्यासाठी काय लागते? एक जाडसर नायलॉनचा धागा. तो तळव्याला ठिकठिकाणी टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या पेशंटला "कळलं का?" असे विचारायचे. दोन मिनिटांचे काम. ही तपासणी प्रत्येक मधुमेह्याची वर्षातून एकदा व्हायला हवी. आपले डॉक्टर करीत नसतील तर मागून घ्या, संकोच करू नका. आम्ही डॉक्टर लोक "चाला, चाला" असा मंत्र देऊन मोकळे होतो. कोणत्या पायांनी चाला, हे विचारत नाही.

घरी करायचे ते असे. रोज रात्री तळपाय पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात, तेल लावायचे तर टाचेला लावावे, बेचकीत नको. पाय शेकायला गरम पाण्यात बुडवू नयेत. वाळूतच काय, आपल्या अंगणात आणि हिरवळीवरही अनवाणी फिरू नये. देवळात चपला काढाव्याच लागतात, तिथे मोजे घालून जावे. देव रागवणार नाही. बूट घालण्यापूर्वी झटकावेत. चालायला निघताना खिशात साखर किंवा बिस्किटे असावीत.

आता आक्काच्या तक्रारीकडे येतो. ती संध्याकाळी जुहूला आली खरी, पण दुपारपासून तिने पाण्याचा घोट घेतला नव्हता. कारण विचारले तर, "मग जायचं कुठं?" साठीपुढच्या बायका प्रवासात आणि फिरायला जाताना पाणी तोडतात, आणि चार दिवसांनी लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येतात. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांचेही तेच. चौपाट्यांवर रोषणाई करायला पैसे मिळतात, मग स्वच्छ, उजेडाची आणि पाण्याची सोय असलेली स्वच्छतागृहे पुरेशी का होत नाहीत? आपल्या एस. टी. स्टँडवर तरी वेगळे काय आहे? फिरायला जा असा सल्ला देणाऱ्याने ही मागणीही केली पाहिजे, म्हणून आज ती इथे लिहून ठेवतो.

दाजी आता कॅनव्हासचे बूट घालून चालतात. येत्या डिसेंबरात पुन्हा मुंबईचा बेत आहे. या खेपेला निघायची वेळ आक्का ठरवणार आहे, आणि नातीने रोज रात्री आजोबांचे पाय बघायचे काम मागून घेतले आहे. त्याचे ती दिवसाला एक चॉकलेट घेते.