हिंवाळ्यांतील मोटार आणि कोरडें फडकें

हिंवाळा लागला कीं आमच्या वर्धा जिल्ह्यांत सकाळीं एक देखावा दारोदारीं दिसूं लागतो. अंगणांतील मोटारीवर रात्रीं दंव पडलेलें असतें, आणि कानांस मफलर गुंडाळलेला कोणी गडी, किंवा स्वतः घरधनी, कोरडें फडकें घेऊन ती खसाखसा पुसत असतो. पाहणारास वाटतें, केवढी ही निगा! प्रस्तुत लेखकाचें मत मात्र असें आहे कीं, मोटारीच्या रंगाची जेवढी हानि हें फडकें करितें, तेवढी आपल्याकडील थंडी करीत नाहीं.

अतिथंड देशांत रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात. त्या मिठानें पत्रा गंजतो. म्हणून तेथें भर थंडींतहि मोटार वारंवार धुवावी लागते. आपला वैरी निराळा. आपली काळी जमीन अग्निजन्य पाषाणाच्या झिजेपासून झालेली असून तींत चुनखडीचे बारीक खडेहि असतात. कापसाचे वेचे सुरू झाले म्हणजे हिंगणघाट, पुलगांव, आर्वी येथें जाणाऱ्या गाड्यांमागून ही धूळ दिवसभर उडत असते. निरभ्र रात्रीं मोटारीचा पत्रा भोवतालच्या हवेहून अधिक गार होतो, त्यावर दंव जमतें व धूळ भिजून चिकटते. मग त्यावर फडकें फिरविणें म्हणजे कांचकागद घांसणेंच होय. हल्लींच्या मोटारींत रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो सुमारें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा आपल्या केसाहूनहि पातळ.

हें ज्ञान मला फार उशिरां झालें. माझी गाडी पुसण्यास शेजारचा एक तरुण पहाटे येत असे. नीट जोर लावून पुसत नाहींस, म्हणून मीं त्याला कितीदां तरी टोकलें. तीन हिंवाळ्यांनंतर उन्हांत गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसूं लागले, तेव्हांहि मी त्यालाच बोललों. त्याच्या बोटांच्या भेगा मीं पाहिल्याच नव्हत्या.

खरी रीत सोपी आहे. दंव सुकल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, गाडी सावलींत घ्यावी. प्रथम हात न लावतां टपापासून खालीं पाणी सोडावें, म्हणजे खडे आपोआप वाहून जातील. मग एका बादलींत मोटारीचा साबण, दुसरींत फडकें खळबळण्यास निव्वळ पाणी घ्यावें. कपडे धुण्याची पूड नको, ती मेणाची चकाकी घालविते. कढत पाणीहि नको, गार कांच तडकण्याची भीति असते. आपल्या विहिरींचें पाणी जड. तें अंगावरच सुकल्यास क्षारांचे पांढरे डाग उरतात. म्हणून शेवटीं मऊ टॉवेलानें टिपावें.

कोणी म्हणेल, उन्हाळ्यांत घागरीसाठीं वणवण करणाऱ्या जिल्ह्यांत हें पाणी मोटारीवर कां ओतावें? आक्षेप रास्त आहे. यास्तव नळी नको, मोजक्या बादल्या घ्याव्या, त्याहि आठवड्यांतून एकदांच. एरव्हीं धूळ तशीच राहूं द्यावी. धुळीच्या गाडीची लाज पालकांनीं कां बाळगावी, हें मला उमगत नाहीं. आणि ज्या वर्ध्यांत १९३७ सालीं भरलेल्या शिक्षण परिषदेनें हस्तव्यवसायास शिक्षणाच्या केंद्रीं बसविलें, तेथील विद्यार्थ्यांस बादली उचलण्याचा संकोच तरी कां असावा?

आमच्या घरीं आतां शनिवारीं दहा वाजतां मुलगी, मी आणि तो तरुण मिळून गाडी धुतों. पांच बादल्या पुरतात. पहाटेचें त्याचें येणें बंद झालें. पगार पूर्वींचाच आहे.